ओटा लहान, पसारा मोठा

मैत्रिणींनो, भाड्याच्या दोन खोल्यांत ज्यांनी संसार मांडला, त्यांना लहान ओटा म्हणजे काय हे मी सांगायला नकोच. शेगडी ठेवली की वीतभर जागा उरते. त्या वीतभर जागेत परात ठेवावी तर पोळपाट खाली जातो, पोळपाट घ्यावा तर चिरलेली भाजी उचलावी लागते, आणि फोडणी तडतडायला लागली की मसाल्याचा डबा नेमका कुठल्या तरी पातेल्याच्या मागे गेलेला असतो. स्वयंपाक येत नाही म्हणून काही आपण घाबऱ्याघुबऱ्या होत नाही. जागा नसते म्हणून होतो.

आज ओट्याची आठवण निघाली ती कॉम्प्युटरमुळे. हसू नका! आपल्या परभणी जिल्ह्यातल्या कितीतरी जणींच्या घरी किंवा कामाच्या जागी आता कॉम्प्युटर आहे. कुणी सेवा केंद्र चालवते, कुणी शाळेतले गुण भरते, कुणी बचत गटाचा हिशेब ठेवते, तर कुणी मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतःच भरते. आणि त्यातल्या पुष्कळजणींचं एकच रडगाणं असतं: "अहो, आत्ता समोर होतं ते पान गेलं कुठं?"

जुलैमधली ती दुपार

माझी धाकटी जाऊ सेलूला असते. नवऱ्याच्या दुकानाच्या अर्ध्या भागात तिनं अर्ज भरून देण्याचं काम सुरू केलं. कॉम्प्युटर जुनाच घेतला, एका ओळखीच्यांनी ऑफिसातून काढलेला. पडदा पंधरा इंची, जवळजवळ चौकोनी. काम व्यवस्थित चाललं होतं.

मग आला २०२४ चा जुलै. तुम्हाला आठवत असेल, त्याच महिन्यात 'लाडकी बहीण'चे अर्ज सुरू झाले आणि त्याच महिन्यात एक रुपयात पीक विमा भरायची धावपळ. दारात रांग, डोक्यावर पंखा, मध्येच वीज गेली की इन्व्हर्टरचं टिकटिक. एका दुपारी मी तिच्याकडे गेले होते. एक बाई सोयाबीनचा विमा भरायला आल्या होत्या. त्यांच्या आधी त्यांच्याच गावचे, त्यांच्याच आडनावाचे चुलत दीर येऊन गेले होते. जावेनं सगळं भरलं, आणि पैसे भरायच्या बटणावर बोट ठेवणार इतक्यात त्या बाई म्हणाल्या, "एकदा वाचून दाखव की माय, काय काय लिहिलंस ते."

जावेनं वाचायला सुरुवात केली. नाव बरोबर, गाव बरोबर, बँकेचं खातं बरोबर. गट नंबर वाचला आणि बाई उठूनच उभ्या राहिल्या. "हा आमचा नंबर नाही माय! हा तर आमच्या चुलत्यायचा हाय!"

त्या बाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, पण आपल्या जमिनीचा नंबर तोंडपाठ होता. म्हणून वाचलं. नाही तर विमा निघाला असता एकाच्या नावावर आणि जमीन दुसऱ्याची. पाऊस दगा देऊन गेल्यावर भरपाईची वेळ आली असती, तेव्हा त्या कागदाचा काय उपयोग झाला असता?

संध्याकाळी दुकान बंद केल्यावर जाऊ रडायलाच लागली. "ताई, माझं लक्षच लागत नाही. वय झालं आता. हे काम आपल्यासारखीचं नव्हे." तिचा मुलगा म्हणाला, "आई, तू घाई फार करतेस." तिचे यजमान म्हणाले, "बंद करून टाक, जिवाला घोर नको." सगळ्यांनी मिळून दोष तिच्या पदरात टाकला. तिनंही तो मुकाट्यानं घेतला. आपली सवयच ती!

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिच्याशेजारी स्टूल टाकून बसले आणि नुसतं बघत राहिले. एका विम्याच्या अर्जाला लागायचं काय काय? अर्जाचं पान, आधार कार्ड, सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक, पेरणीचं स्वयंघोषणापत्र. म्हणजे सहा कागद, सहा विंडो. आणि पडद्यावर एका वेळी मावायची एकच. गट नंबर बघायला सातबाऱ्यावर जा, परत अर्जावर ये; खाते नंबर विसरला, पुन्हा जा, पुन्हा ये. किती वेळा हे मी मोजायला लागले आणि विसाच्या पुढं मोजणं सोडून दिलं. त्यातून आधीच्या माणसाचा सातबारा बंद करायचा राहून गेलेला. खालच्या पट्टीवर दोन्ही सातबारे एकाच चित्राखाली दडलेले, दोघांचं रूप सारखं, दोघांची नावं 'डाऊनलोड'. आता सांगा, चूक बाईची की ओट्याची?

पडद्याचं माप कसं मोजावं

आपण पडदा इंचांत मोजतो. दुकानदारही इंचच सांगतो. पण पडद्यावर किती मावेल हे इंचांवर नव्हे, ठिपक्यांवर ठरतं. पडद्यावरची सगळी अक्षरं नि चित्रं बारीक बारीक ठिपक्यांची बनलेली असतात, अगदी ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. जितके ठिपके जास्त, तितकी रांगोळी मोठी काढता येते. आडवे ठिपके किती आणि उभे किती, याला म्हणतात रिझोल्यूशन.

जावेचा पंधरा इंची पडदा १०२४ आडव्या आणि ७६८ उभ्या ठिपक्यांचा. स्वस्तातल्या आणि जुन्या लॅपटॉपचा पडदा पुष्कळदा १३६६ बाय ७६८ असतो. हल्लीचा सर्वसाधारण चांगला पडदा १९२० बाय १०८० चा. गुणाकार करून पाहा. पहिल्यात सुमारे ७ लाख ८६ हजार ठिपके, दुसऱ्यात साडेदहा लाखांच्या आसपास, तिसऱ्यात वीस लाखांच्या वर. म्हणजे तुमचा ओटा शेजारणीच्या ओट्याच्या निम्मा असतो, आणि स्वयंपाक दोघींना सारखाच करायचा असतो!

त्यातही खरी ओढाताण उंचीची. ७६८ ठिपक्यांतले खालची पट्टी, म्हणजे टास्कबार, विंडोज १० मध्ये ४० ठिपके खाते आणि विंडोज ११ मध्ये ४८. वरच्या बाजूला ब्राऊजरच्या टॅबची रांग, पत्त्याची रांग. हे सगळं वजा जाता पानाला उरतात सहाशे-साडेसहाशे. म्हणून तर 'पुढे जा'चं बटण दिसत नाही, आणि छोटी चौकट उघडली की तिचं 'ओके' पडद्याच्या खाली बुडालेलं असतं.

ही अडचण आजची नव्हे

तुम्हाला वाटेल, ही अडचण आपल्यासारख्या तालुक्याच्या गावच्या, जुन्या मशिनवाल्या बायकांचीच. तर तसं मुळीच नाही. ज्यांनी ही खिडक्यांची पद्धत शोधली, त्यांच्याही वाट्याला हेच आलं होतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी झेरॉक्स कंपनीची एक संशोधनशाळा होती. तिथं १९७३ मध्ये 'आल्टो' नावाचा कॉम्प्युटर तयार झाला. त्याचा पडदा वहीच्या पानासारखा उभा, ६०६ आडव्या आणि ८०८ उभ्या ठिपक्यांचा. टेबलावर जसे कागद एकावर एक पसरतात, तशाच एकावर एक पडणाऱ्या विंडो त्या पडद्यावर आल्या. कल्पना सुरेख, पण टेबल केवढं आणि पडदा केवढा! १९८४ मध्ये आलेल्या मॅकिंटॉशचा पडदा तर अवघा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा होता. १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं पहिलं विंडोज काढलं. त्यात विंडो एकमेकींवर चढतच नसत, फरशा बसवल्यासारख्या शेजारी शेजारी बसत. त्यामुळे झाकलं काही जात नसे, पण प्रत्येकीच्या वाट्याला जागा यायची चिमूटभर.

१९८६ मध्ये त्याच झेरॉक्सच्या संशोधनशाळेतल्या ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड या दोघांनी या विषयावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पडदा टेबलाच्या मानानं फार लहान आहे, म्हणून माणसाचा वेळ काम करण्यात न जाता विंडो हलवण्यात, शोधण्यात, पुढंमागं करण्यात जातो. यावर त्यांनी उपाय सुचवला तो तर आपल्या अगदी जवळचा. घरात जसं स्वयंपाकाचं सामान स्वयंपाकघरात नि अंथरूण-पांघरूण आतल्या खोलीत ठेवतो, तशा कॉम्प्युटरलाही खोल्या करा. एका कामाच्या विंडो एका खोलीत. त्या योजनेचं नावच त्यांनी 'रूम्स' ठेवलं. आजच्या विंडोजमध्ये ही सोय आहे. ती कशी वापरायची ते पुढं सांगते.

आणि खालची पट्टी, जिला आपण आज गृहीत धरतो, ती विंडोजमध्ये आली १९९५ साली. त्याआधी लहान केलेली विंडो पडद्याच्या तळाशी चित्र होऊन बसायची आणि दुसऱ्या विंडोखाली झाकून जायची. तेव्हा मोठमोठ्या ऑफिसांतले साहेबही "आत्ता इथं होतं ते गेलं कुठं" असंच म्हणत असणार. बाकी तुम्ही-आम्ही काय वेगळं म्हणतो?

आधी ओटा पुरता मोकळा करा

आता उपाय. नवा पडदा घ्या असं मी एकदम सांगणार नाही. आधी आहे तो पडदा पुरता वापरात आहे का ते पाहा. पुष्कळदा कॉम्प्युटर फॉरमॅट करून आणला की पडद्याला लागणारा ड्रायव्हर टाकायचा राहून जातो आणि चांगला पडदाही ८०० बाय ६०० वर चालत राहतो. अक्षरं ढोबळ नि ताणलेली दिसतात, आणि आपण म्हणतो, "असंच असेल."

डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर उजवं क्लिक करा, 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडा. तिथं रिझोल्यूशनच्या यादीत ज्या आकड्यापुढं 'रेकमेंडेड' लिहिलं असेल तो निवडलेला असावा. तसा आकडा निवडताच येत नसेल तर दुरुस्तीवाल्याला सांगा, "ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकून द्या." एवढं एक वाक्य म्हटलंत की तोही समजून जातो, की बाईंना कळतंय.

त्याच ठिकाणी 'स्केल' म्हणून एक आकडा असतो. तो १२५ टक्के असेल तर १३६६ बाय ७६८ चा पडदा सुमारे १०९३ बाय ६१४ एवढाच मावतो. डोळ्यांना झेपत असेल तर १०० करा. झेपत नसेल तर मात्र हट्ट करू नका, डोळे आधी! चष्म्याचा नंबर तपासून घ्यायलाही या निमित्तानं हरकत नाही.

ब्राऊजरमधलं पान मोठं वाटत असेल तर कंट्रोल दाबून वजाचं चिन्ह दाबा. पान बारीक होतं आणि खाली बुडालेलं बटण वर येतं. कंट्रोल आणि शून्य दाबलं की पूर्ववत. एफ-११ दाबलं तर ब्राऊजरच्या वरच्या रांगा आणि खालची पट्टी नाहीशी होऊन सगळा पडदा पानाला मिळतो. पुन्हा एफ-११ दाबलं की सगळं जागच्या जागी. या एवढ्या तीन गोष्टींनी माझ्या जावेचं अर्धं काम हलकं झालं.

माऊस सोडा, बोटांना सवय लावा

विंडो बदलायला आपण माऊस खाली नेतो, पट्टीवरचं चित्र शोधतो, त्यातून उघडणाऱ्या छोट्या छोट्या चित्रांतून ओळखतो. यात नजर दोनदा हलते आणि ध्यानात धरलेला आकडा निसटतो. त्यापेक्षा डाव्या हाताच्या अंगठ्यानं ऑल्टचं बटण धरा आणि टॅब एकदा दाबून दोन्ही सोडा. याआधी जी विंडो समोर होती ती परत येते. पुन्हा तसंच केलं की परत अर्जावर. सातबारा आणि अर्ज, अर्ज आणि सातबारा, अगदी लाटायची पोळी नि तव्यावरची पोळी जशी आपण न बघता सांभाळतो, तसं.

तीन-चार विंडो असतील तर ऑल्ट धरून ठेवा, टॅब एकेकदा दाबत जा. हवी ती आली की ऑल्ट सोडा. एकाच ब्राऊजरमध्ये बरेच टॅब असतील तर ऑल्टऐवजी कंट्रोल धरून टॅब दाबायचं. इथं एक खोडी आहे, ती सांगून ठेवते. एज ब्राऊजर वापरणाऱ्यांना ऑल्ट-टॅबमध्ये विंडोंबरोबर ब्राऊजरचे टॅबही दिसू शकतात, मग गर्दी होते. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', त्यात 'मल्टिटास्किंग' उघडून ऑल्ट-टॅबसाठी फक्त उघड्या विंडो दाखवण्याचा पर्याय निवडा, म्हणजे गोंधळ मिटेल.

खालच्या पट्टीवर एकाच चित्राखाली सगळ्या विंडो दडतात, तेही बदलता येतं. पट्टीवर उजवं क्लिक करून टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये जा आणि 'कम्बाइन टास्कबार बटन्स' याच्यापुढं 'नेव्हर' निवडा. मग प्रत्येक विंडो आपापल्या नावानिशी पट्टीवर बसते. विंडोज ११ सुरुवातीला आलं तेव्हा ही सोय त्यात नव्हती, २०२३ मध्ये ती परत आली. काही जण जागा वाचवायला पट्टी लपवून ठेवायला सांगतात. माझं मत विचाराल तर गोंधळ होत असेल तोवर लपवू नका. चाळीस ठिपक्यांसाठी सगळे डबे कपाटात बंद करण्यासारखं ते!

दोन विंडो शेजारी शेजारी ठेवायच्या तर विंडोजचं बटण धरून डावा बाण दाबा, मग दुसरीसाठी उजवा. मोठ्या पडद्यावर ही युक्ती फार छान. पण १३६६ च्या पडद्यावर प्रत्येकीला ६८३ ठिपकेच मिळतात आणि रुंद बेतलेली अर्जाची पानं त्यात आडवी सरकवावी लागतात. म्हणून लहान पडद्यावर अर्ज पूर्ण ठेवा आणि ऑल्ट-टॅबनं जा-ये करा. पासबुकासारखा चिमुकला कागद असेल तरच शेजारी मांडा.

हरवलेली विंडो आणि बुडालेलं बटण

शाळेत प्रोजेक्टर लावला होता आणि काढल्यावर एक विंडो दिसेचना, पट्टीवर मात्र तिचं नाव आहे! असं झालं तर घाबरू नका. विंडोजचं बटण आणि पी दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडा. एवढ्यानं बहुधा ती परत येते. नाही आली तर ऑल्ट-टॅबनं ती निवडा, ऑल्ट आणि स्पेस दाबा, मग एम दाबा आणि बाणाचं बटण दाबून धरा. विंडो हळूहळू सरकत पडद्यावर येते. आली की एंटर.

छोट्या चौकटीचं 'ओके' खाली बुडालं असेल तर कुणी सांगेल, "एंटर मारा." थांबा. न दिसणारं बटण दाबणं म्हणजे अंधारात डब्यातून मीठ काढणं. आधी स्केल कमी करा, नाही तर तेवढ्यापुरती पट्टी लपवा, बटण डोळ्यांना दिसू द्या. मगच दाबा.

प्रत्येक कामाला आपली खोली

आता त्या खोल्यांकडे येते. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोजचं बटण, कंट्रोल आणि डी एकदम दाबलं की नवा कोरा डेस्कटॉप मिळतो. जुना जातो कुठंच नाही, तो शेजारच्या खोलीत असतो. विंडोज, कंट्रोल आणि डावा किंवा उजवा बाण दाबून या खोलीतून त्या खोलीत जायचं. काम संपलं की विंडोज, कंट्रोल आणि एफ-४ दाबून खोली बंद. मात्र तिच्यातलं सामान, म्हणजे उघड्या विंडो, शेजारच्या खोलीत जातं. म्हणून आधी विंडो बंद कराव्यात, मग खोली.

लोकांचे अर्ज एका खोलीत, स्वतःचा हिशेब नि व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या खोलीत, इतकंच करा. चार-पाच खोल्या करत बसू नका, नाही तर कुठल्या खोलीत काय ठेवलं हेच आठवणार नाही.

दुसऱ्याचं काम हाती असेल तर

घरचा हिशेब चुकला तर आपण पुन्हा करतो. दुसऱ्याच्या अर्जातली चूक मात्र त्याच्या पदरात पडते. म्हणून जावेनं आणि मी मिळून चार नियम केले आणि वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवले.

१. एक माणूस उठला की त्याचे सगळे कागद बंद. पुढचा माणूस बसायच्या आधी पडदा रिकामा. रांग कितीही मोठी असो.

२. कागद उतरवून घेताना त्याला माणसाचं नाव द्यायचं. 'डाऊनलोड' नावाचे पाच कागद म्हणजे बिननावाचे पाच डबे. एकाच आडनावाची माणसं असतील तर वडिलांचं किंवा यजमानांचं नावही लिहायचं.

३. काम झालं की कागद पुसायचे. विंडोजचं बटण आणि व्ही दाबल्यावर नक्कल केलेल्या मजकुराची यादी दिसत असेल तर त्यात लोकांचे आधार नंबर नि खाते नंबर साठलेले असतात. दिवसातून एकदा 'क्लिअर ऑल' करायचं.

४. शेवटचं बटण दाबण्याआधी सगळं मोठ्यानं वाचायचं, समोरच्याला ऐकू जाईल असं. त्यांना वाचता येत नसलं तरी ऐकता येतं, आणि आपल्या जमिनीचा नंबर त्यांच्याइतका कुणाला पाठ नसतो.

हा चौथा नियम त्या विम्याच्या बाईंनीच शिकवला. आम्ही फक्त लिहून ठेवला.

नवा पडदा घ्यायचाच झाला तर

काम रोजचं असेल, त्यातून चार पैसे मिळत असतील, तर पडद्यावर खर्च करणं ही चैन नव्हे. शिवणकाम करणारी कात्रीत काटकसर करत नाही. मात्र दुकानात गेल्यावर इंच विचारून थांबू नका. "ठिपके किती? १९२० बाय १०८० आहे का?" असं स्पष्ट विचारा. साडेअठरा इंचाचे पडदेही पुष्कळदा १३६६ बाय ७६८ चेच असतात.

घरातला टीव्ही एचडीएमआयच्या वायरीनं कॉम्प्युटरला जोडता येतो, ही गोष्ट खरी. पण बत्तीस इंची 'एचडी रेडी' टीव्हीसुद्धा बहुधा १३६६ बाय ७६८ चाच असतो. अक्षरं मोठी दिसतील, जागा तेवढीच राहील. 'फुल एचडी' लिहिलेला असेल तरच फायदा. जुना कॉम्प्युटर १९२० चा पडदा चालवू शकेल का, हेही आधी विचारून घ्या.

आणखी एक. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या तारखेनंतर सुरक्षेची नवी दुरुस्ती आपोआप मिळत राहील असं धरून चालू नका. लोकांची कागदपत्रं हाताळणाऱ्या मशिनवर जुनं विंडोज असेल तर पडद्याच्या आधी याची चौकशी करा.

आणि माझी जाऊ?

तिनं काम सोडलं नाही. पडदा अजून तोच पंधरा इंची आहे, कारण मधल्या काळात मुलाची फी भरायची निघाली. पण स्केल शंभरावर आहे, पट्टीवर नावं दिसतात, आणि ऑल्ट-टॅबवर तिची बोटं अशी चालतात की तिचा मुलगा बघत राहतो. परवा तोच तिला विचारत होता, "आई, माझ्या लॅपटॉपवरची विंडो प्रोजेक्टरनंतर गायब झालीय, जरा बघ ना." तिनं स्पेस, एम आणि बाण दाबून ती ओढून आणली आणि एक अक्षरही न बोलता पुन्हा आपल्या अर्जाकडे वळली.

मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंच्या जात्याला हात लावायला प्रत्यक्ष विठोबा आला, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या कॉम्प्युटरला हात लावायला कोण येणार? म्हणून आपलं आपणच शिकून घेऊ या. आज दुपारी जेवणं आटोपली की पंधरा मिनिटं बसा. दोन विंडो उघडा, माऊस बाजूला सरकवा आणि ऑल्ट-टॅबचा हात बसवा. आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "तुला काही जमत नाही," तर आधी पडद्याचे ठिपके मोजून दाखवा!